खारपाणपट्ट्यातलं बंदर

जानेवारी संपत आला होता. खेडा खरेदीवाल्याचा टेम्पो पाराजवळ लागला होता, काटा मांडून झाला होता आणि व्यापाऱ्याचा पोरगा आमच्या गाठोड्यातला मूठभर कापूस घेऊन दोन अंगठ्यांमध्ये रुई ओढत होता. धागा किती लांबतो, कुठं तुटतो, हे बघायची ही रीत माझ्या आज्याच्या काळातही हीच होती. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “माल एक नंबर आहे ताई. पण कालपासून न्यूयॉर्क तुटलंय. क्विंटलमागे दीडशे कमी धरा.” मी तोंड उघडणार एवढ्यात शेजारच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेले आबाजी मान वर न करता बोलले, “माह्या बापाच्या टायमाले लिव्हरपूल तुटे. माल तवाबी एक नंबरच होता.”

सगळे हसले. पोरगाही हसला, पण दीडशे काही त्यानं सोडले नाहीत.

माझ्या डोक्यात मात्र ते लिव्हरपूल अडकून बसलं. न्यूयॉर्क म्हणजे आजचा कापसाचा वायदेबाजार, लिव्हरपूल म्हणजे तेव्हाचं इंग्लंडातलं कापसाचं बंदर आणि बाजार. तुटलं म्हणजे तिथला भाव पडला. आबाजी पंच्याऐंशीच्या घरातले. शेगाव, पंढरपूर आणि मुलाच्या ऑपरेशनसाठी नागपूर, एवढाच त्यांचा प्रवास. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, मुंबईही नाही. आणि लिव्हरपूलचं नाव त्यांनी असं घेतलं, की ते बनोशाच्या पुढचं स्टेशन असावं. मी शाळेत भूगोल शिकवते. ‘मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते, पोरं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत एका गुणाला येतं. त्या वाक्याचा आपल्या गावाशी काही संबंध असेल असं पोरांना वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही ते कधी फारसं वाटलं नव्हतं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याच्या गावातून आलेल्या सुनेला पहिले काही महिने इथला चहा उतरत नाही, डाळ तासभर उकळूनही दाताखाली येते, साबणाला फेस येत नाही, आणि न्हाणीच्या भिंतीवर उडालेले थेंब वाळले की पांढरे ठिपके राहतात. या पाण्यानं ओलीत करावं तर जमीन चोपण, म्हणजे कडक आणि नापीक, होते, म्हणून आमची शेती आभाळाच्याच भरवशावर. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वऱ्हाडातल्या लोकांना समुद्र शोधत जावं लागलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला त्यांनी विहिरीच्याच पाण्याचं मीठ काढलं आणि कायदा मोडला. समुद्र इथून पाचेकशे किलोमीटरवर. पूर्णा मात्र त्याच दिशेला वाहते. चांगदेवापाशी ती तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. गंमत अशी, की हिंदुस्थानातून गेलेल्या कापसाला इंग्लंडच्या बाजारात सरसकट ‘सुरत’च म्हणत. आमच्या वऱ्हाडी मालाला त्यातल्या त्यात वेगळं नाव होतं, ‘ऊमरा’. उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा, म्हणून.

लहानपणी कापूस म्हणजे घरातच राहायला आलेला पाहुणा होता. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही व्हायचं. धुऱ्याजवळ खडे मांडायचे, त्यांना कापूस वाहायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच ओट्या बांधून बायांनी पाताला लागायचं. संध्याकाळी गाठोडी घरी यायची आणि माजघर भरायला लागायचं. आधी कोपरा, मग भिंतभर, मग खिडकीची खालची गज, आणि डिसेंबर संपेस्तोवर दारातून आत जायचं तर कापसावर चढूनच जावं लागे. आम्ही पोरं वरच्या फळीवरून त्यात उड्या मारायचो. पहिली दोन मिनिटं स्वर्ग. मग मानेला, कोपराच्या खोबणीत, कमरेला जी खाज सुटायची ती रात्रभर. कोमट, तेलकट, सरकीचा एक दडपलेला वास सगळ्या घराला यायचा, अंथरुणालाही, भाकरीलाही. आणि कापूस घरात असेतो आजी निरांजन लावायची ती अंगणात तुळशीजवळ. आतल्या देवांना त्या दिवसांत अंधारातच बसावं लागे. चिलीम ओढणारा पाहुणा आला तर त्याची बाज बाहेर लिंबाखाली पडायची, मग तो कितीही मोठा असो.

कापूस एवढे दिवस घरात का ठेवायचा? भावासाठी. बाबा रेडिओला कान लावून बाजारभाव ऐकायचे आणि शेवटी स्वतःशीच म्हणायचे, “मुंबई अजून उठली नाही.” मुंबई झोपलेली असते आणि ती उठली की आपल्याला दिवाळीचे राहिलेले कपडे मिळतात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. पुढं कोकणातल्या, साताऱ्याकडच्या मैत्रिणी मिळाल्या तेव्हा कळलं की त्यांच्या घरातली मुंबई अगदी वेगळी. त्यांच्याकडे मुंबई म्हणजे लालबागच्या खोलीतले काका, महिन्याची मनीऑर्डर, गणपतीला येणारा चाकरमानी, त्यानं आणलेला हलवा. आमच्याकडून गिरणीत गेलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. आमचं मुंबईत माणूस नव्हतं, फक्त माल होता.

आबाजींच्या त्या वाक्यानंतर मी मिळेल ते वाचत सुटले. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर निघायचा. बंजाऱ्यांचे तांडे तो कधी गंगेकाठी मिर्झापूरला न्यायचे, कधी घाट उतरून मुंबईला. परतताना त्याच बैलांवर मीठ यायचं. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुलखात मीठ विकत यायचं आणि त्याच्या बदल्यात पांढरं सोनं जायचं. हा सौदा कुणी ठरवला कोण जाणे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडणं हा योगायोग असेलही, पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना दोन्ही हव्या होत्या, एवढं खरं.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, लिव्हरपूलच्या गोदीत अमेरिकन कापूस येणं जवळजवळ थांबलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कुलपं लागली. तेव्हा तिकडच्यांना ‘सुरत’ आठवला. आखूड धाग्याचा, कचरा फार, मागावर सारखा तुटणारा. तिकडची एक गोष्ट सांगतात, की प्रार्थनेच्या वेळी कुणी ‘देवा, आम्हाला कापूस दे’ म्हटलं की मागून कामगाराचा आवाज यायचा, ‘पण सुरत नको रे!’ वाचून मला आधी राग आला, मग हसू आलं. अर्धपोटी माणूसही माल बघून घेतो, हे आमच्या लोकांना वेगळं सांगायला नको. तक्रारही अगदीच खोटी नव्हती. भाव चढला तशी कापसात सरकी, माती, दगड आणि मुख्य म्हणजे पाणी घालायची चढाओढ लागली, इतकी की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच करावा लागला. आजही सरकारी केंद्रावर गाडी गेली की आधी ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, वर गेला की कपात, १२ च्या वर गेला की गाडी माघारी. यंत्राच्या त्या आकड्याकडे बघताना आमच्या माणसाचा चेहरा चोरासारखा होतो, मग त्यानं पाणी मारलेलं असो की नुसतं दव पडलेलं असो. मारणारेही आमच्यातलेच असतात, खोटं कशाला बोलू. पण रात्रभर रांगेत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी ओली म्हणायचं, हा न्याय कुठल्या बंदरातून आला ते एकदा शोधायला हवं.

त्या चार वर्षांत मुंबईत पैशाला पूर आला. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा शेअर मिळावा म्हणून माणसं वेडी झाली होती. या सगळ्याच्या मध्यभागी कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद. त्यांनी आईच्या नावानं दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो पुरा व्हायला १८७८ साल उजाडलं. तोवर पूर ओसरून गेला होता. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, अमेरिकेचा कापूस परत येणार हे कळलं आणि १ जुलैला मुंबईच्या सट्ट्याचा फुगा फुटला. आमच्याकडे याच काळाच्या गोष्टी आहेत, की कुणा पाटलानं म्हणे बैलगाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली होती. खरं-खोटं देव जाणे. मला तरी पटत नाही, चांदी काळ्या मातीत एक हंगामही टिकणार नाही. पण गोष्ट टिकली आहे. मुंबईत त्या तेजीतून टॉवर उरला, आमच्याकडे गोष्ट उरली.

भाव पडल्यावर कापूस थांबला का? उलट वाढला. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये खामगावला फाटा आला, तो बघायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आला. त्याच वर्षी समुद्राच्या तळातून तारेची केबल मुंबईत पोचली. लिव्हरपूलचा भाव आधी बोटीबरोबर महिन्या-दीड महिन्यानं यायचा, तो आता त्याच दिवशी येऊ लागला. खामगाव, अकोला, अमरावतीचे अडते तारेची वाट बघत बसायला लागले. आबाजींचे वडील लिव्हरपूलचं नाव इथून शिकले असणार. ज्वारीचं रान पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाखाली, गेलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्या स्टेशनांवरून गाठी जायच्या, त्याच स्टेशनांवर धान्याच्या वाघिणींची वाट बघत माणसं बसली. त्या सगळ्या वर्षांत उलट्या वाटेनं आलेला मला एकच माणूस सापडतो. मुंबईत गिरणी चालवून झालेल्या जमशेटजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथंच सूत काढावं, एवढा साधा विचार. साधा, पण आमच्या मुलखात तोवर बाकीच्यांना सुचला नाही, किंवा सुचूनही परवडला नाही.

आमच्या गावाजवळून जाणारी शकुंतला ही छोटी रेल्वे म्हणजे त्या बंदराचंच इथवर लांबलेलं एक बोट होतं. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. किलिक निक्सन कंपनीनं ती टाकली ती माणसांसाठी नव्हे, कापूस मोठ्या लायनीपर्यंत पोचवण्यासाठी. माणसं नंतर चढली, आणि मग उतरेनात. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, ते १९९४ पर्यंत इथं धापा टाकत होतं. कापूस मँचेस्टरला जायचा आणि मँचेस्टरचं इंजिन कापूस न्यायला यायचं, यात मला लहानपणी काहीच वावगं दिसत नव्हतं. आम्हाला फक्त एवढंच ठाऊक होतं की गाडी चालू असताना खाली उतरून बोरं वेचून परत चढता येतं.

मागे एका प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले होते. एका दुपारी हार्बरच्या गाडीतून जाताना शिवडीनंतर फलक दिसला, कॉटन ग्रीन. काम काहीच नव्हतं, तरी उतरले. कापसाच्या गाठींचा बाजार आधी किल्ल्यात भरायचा, सेंट थॉमस कॅथीड्रलपुढच्या मोकळ्या मैदानात, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलपाशी. गर्दी आणि आगीची धास्ती वाढली म्हणून १८४४ मध्ये तो कुलाब्याला हलवला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इथं, शिवडीजवळ आणला. स्टेशनाबाहेर लांबच लांब गोदामं, त्यांच्या कडेनं लागलेले ट्रक, डांबरावर सांडलेलं ऑइल. वाऱ्याबरोबर चिखलाचा, डिझेलचा आणि कसल्या तरी खारट कुजकेपणाचा वास येत होता. पलीकडे शिवडीची चिखलाडी, हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी बघायला लोक दुर्बिणी घेऊन जातात. मी वास घेत होते तो सरकीचा. तो कुठंच नव्हता. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, इथं कापूस असतो का हो? तो म्हणाला, “नाव आहे मॅडम फक्त. इथं आता सगळं येतं.” मला खरं तर काय वाटायला हवं होतं? अभिमान? या शहराच्या पायात आमची काळी माती आहे, असं काहीतरी? तसं झालं नाही. लग्नाघरी जेवायला बसावं आणि आपल्या ताटाखाली आपल्याच आज्याचं नाव कोरलेलं सापडावं, तसं झालं. मागता येत नाही, आणि सांगितलं तर यजमान ओशाळतील. मी चहा प्यायले आणि परतीची गाडी पकडली.

तिथून पुढं गोदीकडे पाहिलं की मला १४ एप्रिल १९४४ आठवतो, वाचलेलाच अर्थात. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलं होतं. ते निघालं होतं बर्कनहेडहून, म्हणजे लिव्हरपूलच्या समोरच, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावरून. पोटात शेकडो टन स्फोटकं, सोन्याच्या विटा, आणि वाटेत कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. आग लागली ती कापसाला. कापसाची आग दिसत नाही, ती गाठीच्या आत खात जाते. वरून धूर येईपर्यंत आतलं सगळं संपलेलं असतं. अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत राहिले आणि दुपारी चारनंतर स्फोट झाला, त्यामागोमाग दुसरा. गोदी गेली, आसपासच्या वस्त्या गेल्या, सोन्याच्या विटा दूरदूरच्या घरांवर जाऊन पडल्या. आगीशी झुंजताना गेलेल्या त्या जवानांच्या आठवणीत अजून एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह पाळतात, आमच्या शाळेतही. पोरांना मी बादलीतली वाळू दाखवते. कापूस आमचा नव्हता, सिंध-पंजाबकडचा असणार. पण आतले देव अंधारात बसवणारी आजी असती तर तिनं एकच विचारलं असतं, बारुदीजवळ कापूस ठेवलाच कोणी?

आणि मग गिरण्या. १८५० च्या दशकात कावसजी दावरांनी पहिली सुरू केली, पुढं सगळं गिरणगाव वसलं. खानावळी, भजनी मंडळं, लेझीम, तालमी, शाहिरी, सगळं ऐकून-वाचून आपल्याला पाठ आहे. पहाटेचा भोंगा झाला की खात्यात गेलेल्या माणसाच्या भुवयांवर, नाकाच्या केसांवर जी पांढरी तूस बसायची, ती आमच्या मुलखातूनही गेलेली होती. ती तूस त्याच्या छातीत जाऊन बसायची. इकडे वेचणाऱ्या बाईच्या नखांच्या कडा बोंडाच्या टोकांनी सोलून निघायच्या. इकडे बाईला वेचलेल्या किलोनं पैसे, तिकडे मागावरच्या माणसाला विणलेल्या कापडानं, आणि दोघांची गाठ कधीच पडली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आमच्या गावात त्याची चर्चा झाली ती एवढीच, की गिरण्या बंद म्हणजे उठाव नाही, भाव पडणार. तो संप ज्यांच्या चुली विझवून गेला त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचं बाबा सांगत नाहीत. आमच्याकडे तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, मालाचे चुकारे वेळेवर मिळत नव्हते, ज्याला त्याला स्वतःचं पडलं होतं. कारण खरं आहे. तरी ते मला पुरेसं वाटत नाही.

आता बंदर समृद्धी महामार्गानं येतं, ७०१ किलोमीटर. न्हावाशेव्याचे कंटेनर इकडे दिसतात. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेला, जिथला तान्हा पोळा बघायला लोक लांबून येतात, तिथं ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून लांब कंटेनर चढवायच्या-उतरवायच्या कोरड्या बंदराची, जागा आहे. शाळेतल्या एका पोरानं विचारलं, मॅडम, तिथं जहाज कसं येईल? वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

गेल्या आठवड्यात फरदडीची, म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांना येणाऱ्या उशिराच्या कापसाची, वेचणी ठरवायला आमची वेचणीवाली मावशी आली होती. बोलता बोलता मी तिला खंडीचं सांगितलं. शेतकरी क्विंटलमध्ये बोलतो, पण रुईचा मोठा बाजार आजही खंडीत बोलतो. मुंबईची जुनी खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे जवळपास ३५६ किलो. आपल्या १०० किलो कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, बाकी सरकी. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. ती शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण किलोचा हिशोब तिचा पक्का.

“म्हंजे वीस-पंचवीस रोज माह्ये,” ती म्हणाली. “दहा रुपये किलोनं साडेदहा हजार.”

“हो, तेवढेच.”

“आन् थे न्यूयॉर्क का काय तुटलं, त हेबी तुटते काय?”

“नाही. वेचणीचा भाव गावात ठरतो.”

“मंग फरदडीले बारा लागन बाई. बोंड बारीक हाये, दिवसभर वेचून ओटी भरत नाही.”

मी दहावर होते. अकरा म्हटलं. ती बारावरून हलेना. बनोशाकडं बाया अजून दहातच वेचतात, असं मी सांगून पाहिलं.

“त बनोशाच्याच आना मंग,” ती म्हणाली आणि पदर खोचून उठली. फाटकापर्यंत गेल्यावर साडेअकराला जमलं.